पात्यावरचं झाकण

जखमी व्यंकटीला घेऊन रिक्षा मुदखेडहून नांदेडच्या रस्त्याला लागली, तसं शिवप्पा सरांनी वर्कशॉपचं दार आतून लावून घेतलं. कटर मशीन बंद होतं. पात्याखालचा भुसा ओला, काळपट झाला होता. कुणी तिकडं बघत नव्हतं.

"लुंबिनी, पाना घे," सर म्हणाले. "पयले ते झाकण बसव."

लुंबिनी जागची हलली नाही. फिरत्या पात्यावर बसणारं ते लोखंडी झाकण सकाळपासून भिंतीला टेकून उभं होतं. सकाळी ते तिनंच काढलं होतं. शनिवारी परीक्षा होती. दाराच्या चौकटीच्या जाड फळ्या झाकणाखाली अडकत होत्या. सर म्हणाले होते, "काढून टाक, लवकर उरकंल."

"सर, व्यंकटीच्या आईला, पारूबाईला फोन केला का? त्यांच्या घरी अजून काहीच ठाऊक नसंल."

"करतो. नांदेडहून तपासणीच्या मॅडम निघाल्यात. उघडं पातं दिसलं की हे केंद्र बंद पडंल. तीन महिने सुतारकाम शिकलात, ते कुणाला दाखवणार? सर्टिफिकीट कोण देणार तुमाला?"

अठरा जण ऐकत होते. मृत्युंजय नळाखाली हात धुवत होता. व्यंकटीची तुटलेली दोन बोटं त्यानंच भुशातून शोधली होती. स्वच्छ फडक्यात गुंडाळून, बर्फाच्या पिशवीत ठेवून त्यानंच ती रिक्षात दिली होती.

लुंबिनीनं पाना उचलला. पहिल्या दिवशी वर्गात बाई आली म्हणून सगळे हसले होते, तेव्हा सरांनी काही न बोलता तिच्या हातात रंधा दिला होता. ते तिच्या डोक्यातून जात नव्हतं. तिनं चारही बोल्ट आवळले. शेवटचा आवळताना पाना दोनदा निसटला.

सरांनी स्वतः भुसा झाडला आणि पोत्यात भरला.

मंजुश्री मॅडम आल्या तेव्हा सगळं जागेवर होतं. त्या मशीनभोवती एक फेरी मारून आल्या आणि टेबलाशी बसून लिहू लागल्या. "झाकण बसवलेलं होतं. प्रशिक्षणार्थ्यानं सूचना न पाळता हात आत घातला. बरोबर ना, सर?"

"हाव," शिवप्पा सर म्हणाले. "लई घाई करायचा तो."

"म्हणजे चूक त्याचीच. मग भरपाईचा प्रश्न येत नाही." मॅडमनी कागद उलटला. "साक्षीदार म्हणून दोघांच्या सह्या लागतील. तुम्ही या, ताई."

लुंबिनी टेबलाशी आली. मॅडमनी पेन पुढं केलं. तिनं ते घेतलं नाही.

"मॅडम, झाकण आत्ता बसवलंय. अर्धा तास झाला. मीच बसवलं."

"आणि काढलं कुणी होतं?"

"तेबी मीच. सरांनी सांगितलं म्हणून."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मग बाकीच्यांकडं वळून विचारलं, "सरांनी सांगितलेलं कुणी ऐकलं?"

सकाळी सगळे तिथंच होते. आता कुणी छताकडं बघत होतं, कुणी चपलेकडं. मृत्युंजय हात पुसतच राहिला.

"ऐकलं का कुणी?" मॅडमनी पुन्हा विचारलं.

शिवप्पा सर एकेकाच्या तोंडाकडं बघत गेले. शेवटी त्यांनी चष्मा काढला.

"नका विचारू त्यान्ला," ते म्हणाले. "मीच सांगितलं होतं. ह्या पोरीचं नाव नका घालू त्यात."

मॅडमनी कागद फाडून दुसरा घेतला. लिहायला बराच वेळ लागला. सगळं लिहून झाल्यावर त्यांनी सगळ्यांना बाहेर काढलं, दाराला कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या पर्समध्ये टाकली. शनिवारच्या परीक्षेचं कुणीतरी विचारलं. "आता काहीच सांगता येत नाही," एवढंच म्हणून त्या गाडीत बसल्या. सर त्यांच्या शेजारी बसले. जाताना त्यांनी मागं वळून बघितलं नाही.

पोरं अंगणात थोडा वेळ उभी राहिली, मग दोघं-तिघं करून पांगली. लुंबिनी दवाखान्यात जायला निघाली. फाटकाजवळ मृत्युंजय उभा होता. पुढच्या एक तारखेपासून हैद्राबादच्या एका फर्निचर कारखान्यात त्याचं काम ठरलं होतं. सर्टिफिकीट दाखवल्यावर.

तिला वाटलं, तोही सोबत येईल. ती थांबली.

तो वाटेतून बाजूला झाला.

"आमचे हात तर धड होते ना, ताई. तेबी कशाला तोडले?" तो म्हणाला.