बटनवाली गाडी

घनश्याम पवनीच्या बसस्थानकावर कारमधून उतरला आणि थोड्याच वेळात गाडी टूं-टूं करू लागली.

कामावरून तातडीचा फोन आला होता. गाडी चालूच ठेवून तो धावत बसमध्ये चढला, बस निघूनही गेली. शेजारी बसलेली त्याची बायको उर्वशी सरकून चालकाच्या जागी आली. मागची उषाबाई, महिला मच्छीमार गटाची अध्यक्ष, पुढे येऊन बसली. उर्वशीचं लायसन्स पंधरा दिवसांचं. समोरून ट्रक दिसला की ती गाडी कडेला घेऊन बंदच करून टाकायची आणि मग स्टिअरिंग नवऱ्याकडे द्यायची.

मागे ऑक्सिजनच्या पिशव्यांत बोटुकली होती, माशांची बोटाएवढी पिल्लं. एसी थांबला की पाणी तापणार आणि सगळी पिल्लं मरणार. गावचा तलाव यंदा पहिल्यांदाच बायकांच्या गटाला मिळाला होता. हे बायकांचं काम नव्हे म्हणणारे टपूनच बसले होते.

मोहाडीजवळचं त्यांचं गाव साठेक किलोमीटर. आपल्याच्यानं होणार नाही, दुसरा कोणी ड्रायव्हर पाहू, असं उर्वशी म्हणू लागली. त्यात गाडीचं ओरडणं थांबेना.

"काकू, ही काहून बोंबलून राहिली? चाबी कुठी हाय?"

"घनश्यामच्या करगोट्याले," उषाबाई म्हणाली. "बंद नोको करू. बंद केली का मंग बसली."

उर्वशीला ते लगेच पटलं. धानाच्या बांधीतल्या चिखलात पडू नये म्हणून गावातले पुरुष मोटारपंपाची चाबी कमरेच्या करगोट्याला बांधतात. घनश्याम कारचीही तिथंच बांधायचा. चाबी जवळ असली की बटन दाबून गाडी सुरू होते, नंतर चाबी लांब गेली तरी चालत राहते, पण एकदा बंद झाली की सुरू होत नाही, हे पुराण त्यानं अख्ख्या गावाला ऐकवलं होतं.

उर्वशीनं पदर खोचला आणि गिअर टाकला.

अड्याळच्या बाजारात समोरून धानाच्या पोत्यांचा ट्रक आला. हात बटनाकडे गेला, तिनं तो मागे घेतला. ट्रक दोन बोटांच्या अंतरावरून गेला. भंडाऱ्याच्या गर्दीत मागचे हॉर्न वाजवत होते, वाजवू दे. ओठ घट्ट आवळून ती क्लच सांभाळत राहिली.

तलावाच्या पाळीवर बायका वाटच पाहत होत्या. पिशव्या थोडा वेळ पाण्यावर तरंगत ठेवल्या, मग तोंडं सोडली. पिल्लं सुळकन आत गेली. सगळी जिवंत होती. तेव्हा कुठे उर्वशीनं बटन दाबलं. आता घनश्याम येईपर्यंत गाडी इथंच राहणार, असं ती हसत म्हणाली.

उषाबाईनं कमरेचा बटवा सोडला. सुपारीखालून चाबी काढून तिच्या हातावर ठेवली.

"घनश्यामनं उतरतानीच देल्ली होती. गाडी माह्या सीटच्या पट्ट्यासाठी वरडत होती, म्या लावलाच नाही."

उर्वशी चिडली. मग खोटं कायले सांगितलं, असं तिनं विचारलं.

"गाडी बंद पडली असती तं पुन्हा सुरू झाली असती, बाई. तू झाली नसती."