मामाची जागा

अंतरपाट धरला, भटजींनी मुलीच्या मामाला हाक मारली आणि परकाच माणूस पुढं झाला.

"तुम्ही कोण?" नवरीच्या आईनं, कौसल्याबाईंनी विचारलं.

"तुळशीराम. तुम्ही भावाला केलेला फोन मला लागला, अक्का. मी काही बोलायच्या आत आमंत्रण देऊन तुम्ही ठेवलात."

पाहणीला आलेला सरकारी फोन-जोडणी खात्याचा साहेब म्हणाला, "बाई, खऱ्या नात्यांनी काही फरक पडतो का, ते मोजायचंय. म्हणून वर्षभरासाठी सगळ्यांचे फोन चिठ्ठ्या टाकून अदलाबदल करून जोडलेत. माणसं कमी केली नाहीत. एक भाऊ होता, एक भाऊ दिलाय."

"दिलाय? भाऊ काय रेशनचा तांदूळ आहे? तिकडं आसामात माझ्या बळीरामला भाचीच्या लग्नाचा पत्ता नाही!"

तुळशीरामनं मान खाली घातली. "माझ्याही भाचीचं ठरत होतं. झालं की राहिलं, कोण सांगणार?"

"मग उभे राहा की इथंच," साहेब म्हणाला. "फरक पडला नाही, असं नोंदवतो."

कौसल्याबाई पाहुण्याकडं वळल्या. "तुळशीरामदादा, तुम्ही पाहुणे. पहिल्या पंगतीला बसा. पण माझ्या लेकीमागची जागा रिकामी राहील. भटजी, मंगलाष्टका म्हणा. आणि साहेब, त्या जागेकडं नीट बघा, मग काय ते नोंदवा."