लिफ्ट का अडकली

कुणाचा विश्वास बसणार नाही, पण गप्पीदास त्या सकाळी सलग पाऊण तास खरं बोलला.

व्हिसा कचेरीतल्या खुर्चीत पाठ ताठ, हात मांडीवर. चहा कोण करतं? मी. उशाशी काय असतं? तिचा चष्मा, माझी कानटोपी. घोरतं कोण? मी. एवढ्यानेच त्याला घाम फुटला. जन्मभर थापा मारल्या, पण तेव्हा कधी कपाळ ओलं झालं नव्हतं.

धंद्याने तो लिफ्ट दुरुस्त करणारा. परक्या मुलखात केस पिकले, पहिली बायको जाऊनही बरीच वर्षं लोटली, आणि साठीच्या उंबऱ्यावर त्याने एका नर्सबाईशी लग्न केलं. ती तिथे एका आजारी म्हातारीची देखभाल करायला आली होती. म्हातारी गेली आणि नर्सबाईचा कामाचा परवानाही संपत आला. आता नवऱ्याच्या आधाराने व्हिसा मिळाला तर राहायचं, नाहीतर महिनाअखेरीला विमानात बसायचं. उतारवयातलं लग्न, तेही परवाना संपायच्या तोंडावर. कचेरीला खोट्या लग्नाचा वास आला नसता तरच नवल.

म्हणून वकीलबाईंनी दोघांकडून उत्तरं घोकून घेतली होती. बायकोने वरून तंबी दिली, तुमच्या थापा घरी ठेवा, तिथे तोंडाला कुलूप. त्याने अट घातली, मग तूही मध्ये टोचायचं नाहीस. कारण घरी हा पाहुण्यांपुढे बोलू लागला की ती स्वयंपाकघरातूनच दुरुस्त्या पुरवायची. मासा हातभर नव्हता हो, वीतभर होता. तोही विकतचा.

एकच गोष्ट ती मुकाट्याने ऐकून घ्यायची. त्यांची पहिली भेट लिफ्टमध्ये झाली, ती. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली आणि आत ही दोघंच. तुमच्या हातची लिफ्ट अडकलीच कशी, असं कुणी विचारलं की गप्पीदास दर वेळी नवं कारण काढायचा. कधी उंदीर, कधी वीज. खरं कारण जगात एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि तो माणूस म्हणजे आपण, या समजुतीत तो सुखी होता.

दोघांना वेगवेगळं बसवून विचारून झाल्यावर कचेरीतल्या साहेबांनी त्यांना एकत्र बसवलं. मध्ये दुभाषीण. आपल्याच भाषेतली, पण चेहऱ्यावरची माशीही हलू न देणारी. साहेब थोडा वेळ कागद चाळत बसले. मग फाईल मिटून शांतपणे काहीतरी म्हणाले.

दुभाषिणीने सांगितलं, "साहेब म्हणतात, तुमची उत्तरं शब्दान् शब्द सारखी आहेत. त्यांच्या स्वतःच्या लग्नाला वीस वर्षं झाली. घरातला पडदा हिरवा की निळा, यावर त्यांचं अजून एकमत नाही. इतकी जुळणारी उत्तरं फक्त पाठ करणाऱ्यांची असतात."

गप्पीदासने कपाळाला हात लावला. जन्मात एकदा खरं बोलायला गेलो, तेच अंगाशी आलं. बायकोने पर्सचा पट्टा बोटांभोवती गुंडाळला होता, बोटं पांढरी पडली होती. वकीलबाईंची शिकवण तर संपली होती. मग त्याच्याजवळ उरलं होतं तेच त्याने बाहेर काढलं.

"साहेब," तो म्हणाला, "आम्ही भेटलो कसे, ते ऐका. तुमचा विश्वास बसणार नाही."

आणि सुटला की गडी. त्या दिवशी म्हणे एका कबुतराने लिफ्टच्या मोटारीत घरटं केलं. अंडं नेमकं बटणावर. अख्ख्या गल्लीची वीज गेली. लिफ्ट एका दोरावर लोंबकळू लागली. मग ह्याने छताची झडप उघडली, एका हाताने तो दोर धरून ठेवला आणि दुसऱ्या हाताने हिला संत्री सोलून दिली. दुभाषीण आधी दहा वाक्यांची दोन करत होती, मग दोनाचं एक, आणि दोरापाशी आल्यावर तिने नुसतेच हात पसरले. साहेबांच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. बायकोची चप्पल मात्र फरशीवर टकटक वाजू लागली होती. गप्पीदासला ती टकटक ओळखीची होती. पण आता थांबणार कोण?

"दोर सुटला असता ना, साहेब, तर आज ही बाई..."

"खोटं आहे हे," बायको म्हणाली.

गप्पीदासने दोर धरल्यासारखा वर केलेला हात खाली घेतला.

"सगळं खोटं. कबुतर नव्हतं, उंदीर नव्हता. लिफ्टला काही झालंच नव्हतं. यांनी माझ्याकडे पाठ केली, किल्ली फिरवून लिफ्ट बंद केली आणि किल्ली खिशात टाकली. वर मलाच म्हणतात, घाबरू नका बाई, मी आहे. बाजूच्या आरशात सगळं दिसलं मला."

त्याने तिच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याला जोडायला थाप सापडेना.

"म्हणजे तुला... पहिल्या दिवसापासून?"

दुभाषीण ओठ दाबत साहेबांकडे वळली. तिचं सांगून झालं तसं साहेबांनी मिटलेली फाईल पुन्हा उघडली आणि पेनाचं टोपण काढलं. नवराबायकोचं तिकडे लक्षच नव्हतं.

"नाहीतर काय," ती म्हणाली. "दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला मी पुन्हा लिफ्टपाशी येऊन उभी राहिले, ती काय तुमच्या कबुतराची चौकशी करायला?"