चांदीची बाजू

क्वांटम डॉटच्या, म्हंजी अतिबारीक कणांच्या, सोलर सेलपायी कावेरीनं परळीजवळच्या एका कॉलेजात दोन वर्सं रक्त आटवलं. चांदीचा इलेक्ट्रोड पन्नासदा बदलून तिनं सेलची वीज दीडपट केली, आन् प्रदर्शनाच्या फलकावर तिचे गाईड आष्टुरे सरांनी निस्तं सोताचं नाव लिवलं.

"सर, माजं नाव?"

"तू काय केलंस गं? काचा धुतल्यास. गप बस."

पाव्हण्यांपुढं सरांनी सेल पहिल्यांदाच हातात धरला. ऊन काचेच्या बाजूनं आत जायला पायजे, पर त्यांनी चकाकती चांदीची बाजूच उन्हाला दाखवली. पुढच्याच खुर्चीवरून कावेरीनं हे बघितलं आन् ती खरंच गप बसली.

मीटरचा काटा जागचा हालंना.

"काय ओ सर, याला बी लोडशेडिंग हाय का?" पाव्हणे हसाया लागले.

सर लालबुंद झाले आन् माईकमदीच वरडले, "मला कावून हसता? हे सगळं या कावेरीनं केलंय, एकटीनं! मी तर हातबी लावला न्हाई!"



कावेरी उठली, सेल पालथा केला आन् काटा सर्रकन वर गेल्यावर माईक घेऊन म्हणली, "सर खरं बोलतेत."