गळ्यातलं उपरणं

पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये ओल्या फरशीवर घसरून छगनचा हात मोडला. खासगी दवाखान्यात प्लास्टर झालं आणि हात गळ्यात अडकवायला खालच्या दुकानातून पट्टा आणा, असं सिस्टरनं सांगितलं. पट्ट्याची किंमत ऐकून त्याच्या बायकोचे, प्रमिलाचे डोळेच पांढरे झाले. ती घरी निवडणुकीची उपरणी शिवायची. आज त्यांचा गठ्ठा काखेत मारूनच दवाखान्यात धावत आली होती. तिनं त्यातलं एक उपसलं आणि नवऱ्याचा हात त्यातच बांधला. वर ठसठशीत छापलेलं होतं, 'स्वस्त उपचार, हाच आमचा शब्द'.

दुसऱ्या दिवशी गल्लीत आमदारसाहेबांची प्रचाराची जीप आली. छगनला बघून साहेबांना आनंदाचं भरतं आलं.

"बघा, हात मोडला तरी आमचं उपरणं सोडलं नाही!" त्यांनी त्याला जीपवर ओढून घेतलं आणि माइक तोंडापुढे धरला. "सांगा काका, आमच्यामुळे उपचार स्वस्त झाला की नाही?"

माइकवर खोटं बोलणं छगनच्या जिवावर आलं.



"झाला ना साहेब. हे होतं म्हणून पट्टा विकत घ्यावा नाही लागला."