एक तरी तक्रार

“एक तरी तक्रार द्या हो, विठूदादा. लहानशीसुद्धा चालेल.” विनीतने चक्क हात जोडले.

विठू ओट्यावर जाळं विणत बसला होता. त्याने सुई खाली ठेवली, आतून खुर्ची मागवली, पंच्याने पुसली आणि विनीतला तिच्यावर बसवलं. “तक्रार? छे, छे. कंपनीचं सगळं बरं चाललंय. सरबत घेणार ना?”

सकाळपासून घरोघर हेच चाललं होतं. सरबताने विनीतचं पोट डब्ब झालं होतं आणि तक्रार काही मिळत नव्हती.

विनीत खालवाडीचाच. खाडीच्या तोंडाशी कंपनीची जेटी झाली, तेव्हा गाव आणि कंपनीमधला दुवा म्हणून त्याला नोकरी लागली. जेटीला पैसा पुरवणाऱ्या परदेशी विकास बँकेची एक अट होती. गावकऱ्यांना तक्रार करायची सोय हवी. झालं, विनीतच्या ऑफिसबाहेर पेटी लागली. तीन वर्षांत त्या पेटीत एकही चिठ्ठी पडू न देण्याची करामत या पठ्ठ्याने केली. कुणी कुरकुरलं की हा त्याच्या घरी हजर. “लिहून कशाला देता? मी बसलोय ना. मला सांगा, मी बघतो.” माणसं पोटातलं सांगायची. हा मान डोलवायचा, चहा प्यायचा आणि उठायचा. बघायचा मात्र काही नाही. दर वर्षी बँकेला अहवाल जायचा, तक्रारी शून्य, आणि विनीतच्या पाठीवर थाप पडायची.

काल बँकेच्या तपासनीस बाई आल्या आणि ते शून्य बघून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. एवढ्या मोठ्या वाडीत तीन वर्षं कुणाचं काहीच दुखलं नाही? मग लोक घाबरलेत, नाहीतर पेटी नावापुरती आहे. त्यांनी जेटीच्या दुसऱ्या टप्प्याचा पैसा रोखून धरला.

आज सकाळी मॅनेजर शुभंकर सरांचा फोन आला. “बाई संध्याकाळी तुझ्या ऑफिसात बसणार आहेत. तोवर चार माणसं उभी कर. भोंग्याचा आवाज, रस्त्यावरची धूळ, असलं काहीतरी. खाडीचा विषय नको. आणि कुणीच आलं नाही, तर उद्या तूही येऊ नकोस.”

विनीतचं धाबं दणाणलं. अडचण नुसती खाडीची नव्हती. कुणी कशाबद्दलच बोलेना. आनंदीबाईंच्या भिंतीला जेटीच्या कामातल्या सुरुंगांनी हातभर तडा गेला होता. त्यावर त्यांनी कॅलेंडर टांगलं होतं. विनीतने ते उचलून तडा दाखवला, तर आनंदीबाईंनी हसत हसत ते पुन्हा सारखं केलं. “जुनं घर, असं व्हायचंच हो.”

उरली कमळाकाकू, विनीतची सख्खी चुलती. हिच्या तोंडाचा पट्टा सगळ्या वाडीला ठाऊक. एसटीच्या कंडक्टरपासून देवळातल्या गुरवापर्यंत तिने कुणाला सोडलं नव्हतं. भाताला खडा लागला तरी चार घरं ऐकायची. ओहोटीला कोयती घेऊन ती खाडीतल्या खडकांना चिकटलेले शिंपले, म्हणजे कालवं, काढायला जायची. जेटीसाठी उपसलेला गाळ त्या खडकांवर येऊन बसला आणि कालवं संपली. तेव्हा सगळ्यांच्या आधी तीच विनीतकडे धावत आली होती. तो म्हणाला होता, मी बघतो.

काकू अंगणात आमसुलं वाळत घालत होती. विनीतला बघून तिने पदर नीट केला. “या. बसा,” म्हणत खुर्ची आणली. हिचं हे काय नवीन, असं त्याच्या मनात आलं, पण घाई होती.

“काकू, भोंग्याबद्दल काहीतरी बोल ना त्या बाईंजवळ. झोपमोड होते म्हणावं.”

“भोंगा? त्याच्यावर आमी घड्याळ लावतंव.”

मग मात्र विनीतचा धीर सुटला. तो खुर्चीवरून उठला आणि तिच्यासमोर खाली मातीत बसला.

“काकू, भोंगा राहू दे. खाडीचंच सांग. कालवांचं सांग. मी तीन वर्षं नुसतं बघतो बघतो म्हणालो, हेही सांग. त्या बाई ऐकून घेणाऱ्या आहेत. तू बोललीस तर गाळ उपसल्याशिवाय कंपनीला पुढचा पैसा मिळायचा नाही.”

बोलला आणि स्वतःच घाबरला. आता नोकरी गेलीच. पण तीन वर्षांत पहिल्यांदा तोंडातून खरं निघालं होतं आणि त्याला रडू येत होतं. वरच्या रस्त्याने एक गाडी ऑफिसकडे गेली. बाई वेळेआधीच आल्या होत्या.

काकू उठली. आत गेली, चहाची कपबशी घेऊन आली.

“अगं बोल की! मला शिव्या घाल, मेल्या म्हण, पण चल आणि बोल.”

“न्हाय हो,” काकू म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर विनीतला बरं वाटलं असतं. “त्या बाईंना आमी वळखत न्हाय. गाऱ्हाणं आपल्या माणसाजवळ सांगायचं असतं. तुमी च्या घ्या, साहेब. गार होईल.”