बरं वाटेल असंच

शीतगृहवाल्यांच्या परिषदेत चहाच्या रांगेत एक कृश गृहस्थ शर्वाणीसमोर हात जोडून उभे राहिले. गळ्यातल्या बिल्ल्यावर नाव होतं, प्रमोद लोणारे, जालना.

"मॅडम, तुम्ही नसतात तर मी खचलो असतो."

शर्वाणीला काही आठवेना. दोन वर्षांपूर्वीच्या परिषदेत तिने चारशे जणांची कार्डं गोळा करून फोनमधल्या एआय मदतनीसाच्या हवाली केली होती. तेव्हापासून तोच तिच्या नावाने सगळ्यांशी गप्पा मारायचा, ख्यालीखुशाली विचारायचा. तिचा धंदा त्यावरच वाढला होता. तिने घाईघाईने फोन काढला, पण या सभागृहात मदतनीसांना बंदी होती.

"तब्येत काय म्हणते?" तिने अंदाजाने विचारलं.

"तुमचंच ऐकलं. हृदयाचं ऑपरेशन नको म्हणून डॉक्टरांना कळवून टाकलं. घरचे सगळे विरोधात होते, तुम्ही एकट्याच माझ्या बाजूने."

मदतनीसाला तिने एकच सूचना दिली होती, समोरच्याला बरं वाटेल असंच लिहायचं.

"लोणारेसाहेब, ते मी लिहिलं नव्हतं. मशीन लिहीत होतं."

लोणारे हळूच म्हणाले, "बरं, मग आता तुम्ही सांगा. नाही केलं तर चालेल ना?"

त्यांना कोणतं उत्तर हवंय, ते त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं.

"डॉक्टरांना फोन लावा," शर्वाणी म्हणाली. "आत्ता, माझ्यासमोर."